रिकामा रकाना

टीए या दोन अक्षरांचं मराठी मला आजवर कुणी धड करून दिलेलं नाही. ‘अध्यापन सहाय्यक’ म्हटलं की शासकीय परिपत्रकाचा वास येतो. आईने शेजारच्या काकूंना ‘तिकडे कॉलेजात शिकवते’ असं परस्पर सांगून टाकलं होतं, ते कळल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका शब्द काढला तो बाबांनी. त्यांच्या वेळी सायन्स कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असायचे. प्रॅक्टिकलला उभे राहणारे, जर्नलवर सही करणारे, ब्युरेट फुटली तर नाव टिपून घेणारे. “म्हणजे तू डेमॉन्स्ट्रेटर,” बाबा फोनवर म्हणाले. अगदी तेच. ब्युरेटच्या जागी लॅपटॉप होता आणि फुटायचा तो विद्यार्थ्यांचा धीर.

पुण्यातून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून मी अमेरिकेत बायोस्टॅटिस्टिक्सच्या, म्हणजे आरोग्याच्या माहितीच्या संख्याशास्त्राच्या, पीएचडीला गेले. आठवड्याला २० तास टीएचं काम, त्याबदल्यात फी माफ आणि खोलीभाडं-किराणा निघेल इतका पगार, असा तिथला रिवाज. पीएचडीचे बहुतेक विद्यार्थी याच रस्त्याने जातात. माझ्या वाट्याला आलेला कोर्स आमच्या विभागातल्या मुलांचा नव्हताच. आरोग्यक्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी पदव्युत्तर पातळीवरचा संख्याशास्त्राचा तो कोर्स. त्यात डॉक्टर होते, नर्सेस होत्या, फिजिओथेरपिस्ट, दातांचे डॉक्टर, फार्मसिस्ट, आहारतज्ज्ञ, एक सुईण (शिकलेली, पदवीवाली, तिकडे तो वेगळा व्यवसाय आहे). बहुतेकांची दिवसा नोकरी. म्हणून लॅब गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला. काही जण हॉस्पिटलच्या कपड्यांतच यायचे, गळ्यात ओळखपत्र, हातात कॉफी, आणि चेहऱ्यावर दहावीच्या गणिताच्या पेपरला बसलेल्या मुलाचा भाव.

पहिल्या लॅबला मी विचारलं, स्वतःबद्दल काहीतरी सांगा. दहातल्या आठांनी नावानंतरचं दुसरंच वाक्य ‘माझं गणित कच्चं आहे’ असं सांगितलं. त्यांत अतिदक्षता विभागातली एक नर्स होती, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. पुढे एकदा गप्पांच्या ओघात तिने सांगितलं की रात्री तीन वाजता रुग्णाचा रक्तदाब कोसळला की किलोमागे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम औषध जायला हवं, त्यावरून पंपावर तासाला किती मिलिलिटर लावायचं, हे ती मनातल्या मनात काढते आणि मग मशीनशी ताडून बघते. मी गप्प बसले. मला यातलं काही येत नव्हतं, आणि माझं गणित मात्र पक्कं होतं म्हणे.

आम्ही टीए तिघं. एक चिनी मुलगा, सिद्धता मांडण्यात आमच्या सगळ्यांचा बाप, पण वर्गात बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. दुसरी आयोवातल्या शेतकऱ्याची मुलगी, तिची सगळी उदाहरणं मक्याची. आधी मला त्याचं हसू यायचं. मग लक्षात आलं की खरं उदाहरण तिचंच आहे. या शास्त्राचे ‘प्लॉट’, ‘ब्लॉक’, ‘ट्रीटमेंट’ हे शब्द शेतातून आलेले. रोनाल्ड फिशर इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात खतं आणि गहू-बटाट्याच्या नोंदी तपासत होता, तिथे हे घडलं. टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची कसोटी, देणारा विल्यम गॉसेट तर डब्लिनच्या गिनेस या दारूभट्टीत नोकरीला होता. मालकांच्या नियमामुळे त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला आणि जगभरच्या मेडिकलच्या पोरांच्या मागे ते नाव लागलं. म्हणजे शेत आणि भट्टी यांतून निघालेली ही विद्या वॉर्डात शिरली आहे. वॉर्डातल्या माणसाला ती परकी वाटली तर त्याचं काय चुकलं?

कामाचं स्वरूप सांगते. गुरुवारची लॅब, आठवड्यातून दोनदा तळघरातल्या खोलीत ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांनी अडलेलं येऊन विचारायची वेळ), आणि गृहपाठ तपासणं. लॅबचा निम्मा वेळ संख्याशास्त्रात जातच नाही. ‘आर’ नावाची प्रणाली वापरायचो आम्ही. फुकट मिळते, पण स्वभावाने खाष्ट. स्वल्पविराम राहिला, कंस राहिला, मोठ्या लिपीतलं अक्षर छोटं पडलं की लाल अक्षरांत ओरडते. फाइल कुठे ठेवली हे तिला सांगणं हाच अनेकांचा पहिल्या तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम. वयाची माहिती नसेल तिथे ९९९ लिहायची जुनी पद्धत आहे. एका दंतवैद्याच्या रुग्णांचं सरासरी वय त्यामुळे एकशे बारा निघालं होतं, आणि त्याने ते इमानेइतबारे अहवालात लिहिलं होतं. एक्सेलची तऱ्हा आणखी वेगळी. ‘सेप्ट’ किंवा ‘मार्च’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा असलेली जनुकांची नावं दिसली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकतं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि नावं बदलली. मायक्रोसॉफ्टशी भांडण्यापेक्षा निसर्गाचं बारसं पुन्हा करणं सोपं गेलं.

ऑफिस अवर्सला येणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र एकच. शब्द बदलत, चेहरे बदलत, पण प्रश्न तोच. “कोणती टेस्ट लावू?”

सुरुवातीला मला हा प्रश्न आवडायचा, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. खोलीच्या भिंतीवर कुणीतरी कधीतरी चिकटवलेला तक्ता होता. दोन गट आहेत का, मोजमाप सलग आहे का, नमुने जोडीचे आहेत का, बाणाबाणांनी खाली गेलं की टेस्टचं नाव. मी बोट फिरवायचे, माणूस खूश होऊन जायचा. पंधरा मिनिटांत चार गिऱ्हाइकं. दुसऱ्या सत्रात केव्हातरी मला आमच्या गावच्या मेडिकलवाल्याची आठवण झाली. ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की तो मागे न बघताच गोळीची पट्टी काढायचा. मग मी उलट विचारायला लागले. तुम्हाला कळून काय घ्यायचंय? एक साधं वाक्य सांगा, आकडे न वापरता. भलेभले अडायचे. दोन-दोन वर्षं माहिती गोळा केलेली माणसं त्या वाक्यापाशी येऊन थांबायची आणि रागाने माझ्याकडे बघायची. त्यांना पट्टी हवी होती.

लॅबमध्ये आम्ही एक प्रसिद्ध माहितीसंच वापरायचो. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या बेस्टेट मेडिकल सेंटरमध्ये १९८६ साली नोंदलेल्या १८९ बाळंतिणी. आईचं वय, वजन, ती सिगारेट ओढते का, बाळाचं वजन किती. अडीच किलोच्या आत भरलं तर ‘कमी वजनाचं’. अशी बाळं ५९. सिगारेट न ओढणाऱ्या ११५ आयांपैकी २९ जणींची बाळं कमी वजनाची, ओढणाऱ्या ७४ पैकी ३० जणींची. एवढ्या चार आकड्यांवर मी अख्खी संध्याकाळ काढू शकते, कारण डॉक्टर लोक हमखास पडतात तो खड्डा इथेच आहे. जोखमीची तुलना केली तर २५ टक्के विरुद्ध ४० टक्के, म्हणजे १.६ पट. पण लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही अशा निकालासाठी वापरायची पद्धत) हातात देतं ते ऑड्सचं गुणोत्तर; ऑड्स म्हणजे कमी वजनाच्या बाळांस बाकीची बाळं किती. तीसास चव्वेचाळीस विरुद्ध एकोणतीसास शहाऐंशी. ते निघतं २.०२. आणि अहवालात काय लिहिलं जातं? ‘धोका दुप्पट.’ दुप्पट नाही हो, दीडपटीच्या जरा वर. जिथे घटना क्वचित घडते तिथे हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात, म्हणून सवय लागते. इथे तीनात एक बाळ कमी वजनाचं आहे, तिथे ती सवय दगा देते. ‘ऑड्स’ हा जुगाराचा भाव आहे, शक्यता नाही, हे समजवायला मला इंग्रजीत फार कष्ट पडले. साताऱ्याकडच्या कुस्तीच्या फडावर कोपऱ्यात उभ्या असलेल्या चार टाळक्यांना ते एका वाक्यात कळलं असतं.

त्याच संचात आईच्या वंशाचा एक रकाना आहे. गोऱ्या ९६, काळ्या २६, ‘इतर’ ६७. सुईणबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, “हे सदुसष्ट इतर म्हणजे कोण? माझ्या वॉर्डात ‘इतर’ नावाची बाई अजून आलेली नाही.” मी हसले, कारण त्या हॉस्पिटलात माझी आई असती तर ती त्याच रकान्यात गेली असती. घरी फोन केला तेव्हा सहज विचारलं, मी किती किलोची होते गं? “सव्वादोन,” आई म्हणाली, “पण गुटगुटीत दिसायचीस हो.”

हे गुटगुटीत दिसणं आईची माया म्हणून सोडून दिलं असतं, पण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मी तोवर वाचलं होतं. केईएम हॉस्पिटलातर्फे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण बाळ एवढं लहान असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू आणि बाकीचे अवयव. बारीक पण चरबीदार बाळ, आणि पुढे मधुमेहाचा धोका. पुढच्या गुरुवारी हे मी वर्गात सांगितलं. अडीच किलोची रेघ स्प्रिंगफील्डमध्ये एक गोष्ट सांगते आणि जिथे सरासरीच त्या रेघेच्या जेमतेम दोनशे ग्रॅम वर आहे तिथे वेगळीच. वर्गात त्या दिवशी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. प्राध्यापिका मात्र नंतर म्हणाल्या, “छान होतं, पण लॅबचा तिसरा प्रश्न राहिला.”

आहारतज्ज्ञ विद्यार्थिनीला मी सुखात्म्यांची गोष्ट सांगितली ती अशीच, अभ्यासक्रमाबाहेर. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले, परत येऊन शेतीतल्या नमुना पाहण्यांचं काम उभं केलं, १९५१ पासून रोमला एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात. पिकांचे अंदाज काढता काढता ते भुकेपाशी आले. त्यांचं म्हणणं असं, की दोन माणसांच्या गरजेत फरक असतो तसा एकाच माणसाच्या आजच्या आणि उद्याच्या गरजेतही असतो. तेव्हा सरासरी गरजेची एक रेघ मारून तिच्याखालचे सगळे उपाशी म्हणणं चूक. यावर पुढे मोठा वाद झाला; अशाने उपाशी माणसं हिशेबातून गळतात असा आक्षेप होता आणि तो मलाही पटतो. पण ‘माणसांतला फरक’ आणि ‘माणसातला फरक’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, ते इतक्या सोप्या शब्दांत मला इंग्रजीत कधीच सांगता आलं नाही. तिला मी फळ्यावर देवनागरीत अनुस्वार काढून दाखवला. तिला काय कळलं देव जाणे, पण गृहपाठ बरोबर आला.

गृहपाठ तपासणं हा या नोकरीतला हमालीचा भाग. सत्तर वह्या, म्हणजे सत्तर फायली, तिघांत वाटून घ्यायच्या. एका वाक्याने माझी झोप उडवली होती. ‘खरी किंमत या मर्यादेत असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ कॉन्फिडन्स इंटरव्हलचा, म्हणजे नमुन्यावरून काढलेल्या खालच्या-वरच्या मर्यादेचा, हा अर्थ पुस्तकाप्रमाणे चूक. खरी किंमत एकच, ती हलत नाही. हलतो तो आपला नमुना आणि त्याबरोबर मर्यादा. असे शंभर अभ्यास केले तर साधारण पंचाण्णव मर्यादांत ती किंमत सापडेल, एवढंच म्हणता येतं. मी प्रत्येकाचे दोन गुण कापले.

एक छातीचे डॉक्टर ते दोन गुण घेऊन माझ्याकडे आले. पन्नाशीचे, शांत. वाद घालायला स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी हवी, असं मीच ठरवलं. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेली, क्षयावरची, ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती हे यादृच्छिक आकड्यांवर ठरलं; युद्धानंतर औषधाचा तुटवडाच होता, त्यामुळे सर्वांना देता येणार नव्हतं, म्हणून ते करताही आलं. सहा महिन्यांत औषधाच्या ५५ पैकी ४ गेले, बिनऔषधाच्या ५२ पैकी १४. सात टक्के आणि सत्तावीस टक्के. फरक जवळजवळ वीस टक्क्यांचा, आणि त्याची मर्यादा काढली तर साधारण सहा ते चौतीस.

“बरं,” डॉक्टर म्हणाले, “आता मी पेशंटच्या खाटेशी उभा आहे. तो विचारतो, डॉक्टर, मला किती फायदा? मी त्याला तुमचे शंभर अभ्यास सांगू? अभ्यास एकच झालाय. खाट एकच आहे.”

मी पुस्तकातलं उत्तर पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं वाक्य बरोबर आहे, माझ्या लक्षात आलंय. पण ते मला कुणाला सांगता येत नाही.” गुण मी वाढवले नाहीत, नियम सर्वांना सारखा. मात्र पुढच्या गृहपाठात त्या प्रश्नाच्या खाली दुसरा प्रश्न घातला: हाच निष्कर्ष रुग्णाला सांगायचा तर काय म्हणाल? त्याला गुण नव्हते, तरी सगळ्यांनी लिहिलं. नर्सेसची उत्तरं सर्वांत चांगली होती. एकीने लिहिलं होतं, ‘मदत होईल याची मला बऱ्यापैकी खात्री आहे; किती, ते मी सांगू शकत नाही.’ यात शक्यता म्हणजे आपल्या खात्रीचं माप मानणारे बेझचे अनुयायी आणि तसं न मानणारे बाकीचे संख्याशास्त्रज्ञ यांचा शंभर वर्षांचा तंटा मिटत नाही, पण वाक्य खाटेशी उभं राहून बोलता येतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

ती अतिदक्षता विभागातली नर्स सत्राच्या शेवटी स्वतःच्या प्रकल्पाची फाइल घेऊन आली. दोनशेच्या आसपास रुग्ण. दाखल होतानाचं वजन आणि पुढे रुग्णाचं काय झालं, यांचा काही संबंध आहे का. वजनाच्या रकान्यात तिसाहून अधिक जागा रिकाम्या. ‘आर’ अशा जागी ‘एनए’ अशी दोन अक्षरं दाखवतं. तिचं मॉडेल अडत होतं, बाहेर ऑफिस अवर्सची रांग होती, माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी तिला एक आज्ञा लिहून दिली. रिकाम्या ओळी गाळून टाकणारी, एका ओळीची. मॉडेल चाललं. ती थँक्यू म्हणून गेली.

पुढच्या आठवड्यात रांगेत ती पहिली होती. बसलीसुद्धा नाही. “तू गाळायला सांगितलेस ते लोक मला माहीत आहेत,” ती म्हणाली. “वजन का नाही लिहिलं, तर त्यांना वजनकाट्यावर घेता आलं नाही. खाटेला काटा असतो, पण त्यासाठी रुग्णाला थोडं उचलावं लागतं, नळ्या हलवाव्या लागतात. हे हलवण्यासारखे नव्हते. बरेच त्याच रात्री गेले.” तिने फाइल उघडली. ओळी गाळण्याआधीचा मृत्यूचा आकडा आणि गाळल्यानंतरचा. माझ्या एका ओळीने तिचा वॉर्ड आहे त्याहून चांगला दिसायला लागला होता.

डोनाल्ड रुबिन यांचा १९७६ चा निबंध मी पाठ केलेला होता. माहिती गहाळ होण्याचे तीन प्रकार: निव्वळ योगायोगाने गहाळ, नोंदलेल्या दुसऱ्या कशामुळे गहाळ, आणि जी किंमत गहाळ आहे तिच्यामुळेच किंवा न नोंदलेल्या कशामुळे गहाळ. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण तो तुमच्याजवळच्या आकड्यांवरून ओळखताच येत नाही. हे वाक्य मी पात्रता परीक्षेत लिहिलं होतं, त्याखालची गणितं सोडवली होती, गुणही मिळाले होते. ‘आकड्यांवरून ओळखता येत नाही’ याचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे मग कशावरून ओळखायचं, तो मला सुचलाच नव्हता. माणसाला विचारून. रात्रपाळीला जी तिथे होती तिला विचारून.

आम्ही दोघींनी त्या रिकाम्या जागा एकेक करून पाहिल्या. तिला सगळे आठवत नव्हते. काहींच्या नोंदवह्या तिने काढून आणल्या. काही जागा निव्वळ विसरलेल्या होत्या, पाळी बदलताना राहून गेलेल्या. एक काटाच बिघडलेला होता आठवडाभर. आणि उरलेले ते. तिने एक नवा रकाना केला: वजन का नाही. तो रकानाच शेवटी प्रकल्पातला सर्वांत बोलका ठरला. ज्यांचं वजन घेता आलं नाही ते कोण, हे वजनापेक्षा जास्त सांगत होतं. मी प्राध्यापिकांना उत्साहाने सांगायला गेले. त्यांचं म्हणणं, गहाळ माहितीचा विषय या कोर्समध्ये नाही, पुढच्या वर्षीच्या कोर्समध्ये शेवटच्या दोन तासिका आहेत. त्यांचं बरोबरच होतं, सत्र पंधरा आठवड्यांचं असतं. पण मला ते आजही उलटं वाटतं. खऱ्या कामात रिकामी जागा पहिल्या दिवशी समोर येते आणि पुस्तकात ती शेवटच्या प्रकरणात, वेळ उरला तर. तोवर माणसाच्या हाताला गाळून टाकायची सवय लागलेली असते. मलाच लागली होती, आणि मी तर याच विषयात पीएचडी करत होते.

आता मी पुण्यात आहे. इथे टीए नाहीत. नात्यातले डॉक्टर आहेत. एम.डी.ला प्रबंध सक्तीचा, आणि घराण्यात एक संख्याशास्त्रवाली, म्हणजे ऑफिस अवर्स बाराही महिने चालू. माझा मावसभाऊ एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन करतो. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन.

“ताई, कोणती टेस्ट लावू?”

“आधी जेवलास का सांग.”

“जेवतोय. ताई, शनिवारी सबमिशन आहे.”

रुग्ण किती, विचारलं. शंभर. मला वाटलंच. आपल्याकडे कम्युनिटी मेडिसिनच्या तासाला रुग्ण किती घ्यायचे याचं एक सूत्र शिकवतात: चार पी क्यू भागिले एल वर्ग. प्रमाण (पी) माहीत नसलं की पन्नास टक्के धरायचं, क्यू म्हणजे उरलेले पन्नास, आणि चूक (एल) दहाची चालेल म्हणायचं. चार गुणिले पन्नास गुणिले पन्नास, भागिले शंभर. उत्तर शंभर. माझ्याकडे आलेल्या कितीतरी प्रबंधांत रुग्ण बरोब्बर शंभर असतात ते यामुळे. शंभर पुरतील का हा प्रश्न तेव्हा विचारायचा होता. आता विचारून उपयोग नव्हता. मधुमेह आणि पायाच्या जखमा असा त्याचा विषय. मी म्हटलं, फाइल पाठव.

एचबीएवनसीच्या, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीच्या, रकान्यात चौदा जागा रिकाम्या होत्या.

“हे काय रे?”

“ते ना, ते गाळून टाकलं तरी चालेल असं आमचे सिनियर म्हणाले. शहाऐंशी उरतात.”

“रिकामे का आहेत?”

“म्हणजे?”

“म्हणजे, तपासणी का झाली नाही?”

तो थोडा वैतागला. मग चावणं थांबलेलं ऐकू आलं. “मध्ये किट संपलं होतं लॅबचं. मार्चमध्ये बहुतेक.”

“चौदाही मार्चमधले?”

“थांब. दाखल झाल्याची तारीख बघतो.” बराच वेळ माउसची टकटक. “पाच आहेत मार्चमधले.”

“आणि नऊ?”

“वॉर्डातल्या सिस्टरना विचारतो,” म्हणाला आणि फोन ठेवला.

बाराच्या सुमाराला पुन्हा वाजला. आवाज जरा उतरलेला. “ताई, त्या नऊ जणांना बाहेरून करून आणायची चिठ्ठी लिहून दिली होती. किट असतानाचे आहेत, पण मशीन बंद होतं तेव्हाचे. सिस्टर म्हणाल्या, त्यांच्यातल्या कुणीच करून आणली नाही. दोघं तर न सांगता घरी गेले.”

मी काही बोलले नाही.

“मग मी नवा रकाना टाकू का?” त्याने विचारलं. “पण त्याला नाव काय देऊ?”